वेंगच्या दारातलं पाणी

दोउलिऊ
१४ सप्टेंबर १९९८

छिंगशी,

चष्मा सापडला असेल तर हे वाच. तुझी थोरली बहीण एकोणसत्तराव्या वर्षी गुन्हेगार झाली आहे.

काल पोलीस चौकीतून कागद आला. सव्वीस तारखेला, शनिवारी हजर राहा म्हणतात. गुन्हा काय, तर शारीरिक इजा आणि जाहीर अपमान. फिर्यादी वेंग मुचांग, आमच्या समोरच्या घरातला. तुला तो आठवत नसणार, आठवण्यासारखं त्याच्यात काही नाही. बाजारात त्याचा डुकराच्या मांसाचा गाळा होता. आता तो मुलगी चालवते आणि हा दिवसभर बनियनवर दारात बसून पोटऱ्या खाजवतो. मान संपते तिथून थेट टोपी सुरू होते, मधे डोकं म्हणावं असं काही लागत नाही.

सातव्या महिन्याची पौर्णिमा होती. सगळी गल्ली दारात टेबलं मांडून भुकेल्या भुतांना जेवू घालत होती. आम्हीही घातलं. पण वेंगचं थोडक्यात भागत नाही. पिंपभर कागदी पैसे, कागदी कपड्यांची पेटी, कागदी चपला, मेलेल्यांना पोचावं म्हणून सगळं त्याने एकदम पेटवलं आणि धूर सरळ आमच्या खिडक्यांत. मी दर वर्षी सांगते. तो दर वर्षी "हो हो, सिस्टर" म्हणतो आणि पुढच्या वर्षी आणखी मोठं पिंप आणतो. या वर्षी त्या पिंपावर पाणी पडलं. निखारे उडाले, त्याच्या हाताला चटका बसला. मी जन्मभर वॉर्ड सांभाळला आहे, भाजणं म्हणजे काय ते मला कळतं. फोडसुद्धा आला नव्हता. तेवढ्यासाठी हा गडी सरकारी दवाखान्यात जाऊन दाखला घेऊन आला.

जाहीर अपमानाचं तर सोडूनच दे. अपमान व्हायला आधी मान असावा लागतो.

तू कोर्टात कारकुनी केलीस, तर काय करायचं ते लिहून कळव. फोन करू नकोस. फोन बसायच्या खोलीत आहे आणि हे तिथेच असतात. त्यांना आवाजाचा त्रास होतो.

पीयुन

हुआलियेन
१९ सप्टेंबर

ताईस नमस्कार.

कारकून नव्हे, न्यायालयाचा नोंदणी अधिकारी. हा फरक तुझ्या नवऱ्याला इतक्या वर्षांत कळला नाही. तुला तरी कळला असेल अशी माझी समजूत होती.

आता ऐक. लोकांना हल्ली सर्दी झाली तरी आधी चौकीत जायची सवय लागली आहे, त्यामुळे तुझं प्रकरण काही जगावेगळं नाही. दोन्ही गुन्हे फिर्यादीने तक्रार केली तरच चालतात आणि त्याने ती मागे घेतली की संपतात. खालच्या कोर्टात सुनावणी पुरी होईपर्यंत त्याला मागे घेता येते. म्हणजे तुझ्या सुटकेची किल्ली वकिलाच्या खिशात नाही, न्यायाधीशाच्याही नाही. ती त्या बनियनवाल्याकडे आहे, आणि बनियनला खिसा नसतो. हे तुला गोड लागणार नाही, पण कायदा तुझ्या जिभेला विचारून केलेला नाही.

चौकीत जा. न जाऊन भागणार नाही, पुढे पकडून नेतील आणि गल्लीला फुकटचा तमाशा. पण तिथे गप्प बसायचा तुला हक्क आहे. हा हक्क तू जन्मात वापरलेला नाहीस, नवाकोरा असेल, आता वापर. वकील बरोबर ने. जबाब वाचल्याशिवाय सही करू नकोस. नगरपालिकेत समेट समिती असते, फुकट असते, तिथे जायची तयारी आहे एवढं मात्र सांग.

उलट तक्रार करायचा विचार तुझ्या मनात आलाच असेल. त्याने तुला खरोखर ढकललं असेल, शिवी दिली असेल, तर कर. नसेल आणि तरी लिहिलंस, तर खोट्या तक्रारीचा गुन्हा होतो. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे आणि तो कुणाला मागे घेता येत नाही. पौर्णिमेच्या धुराबद्दल पर्यावरण खात्याकडे जाऊ नकोस. त्या साहेबाच्या दारातही पिंप असतं.

मला दोन गोष्टी कळव. पाणी कुणी, कशाने, कुठून टाकलं. आणि तू काय बोललीस, शब्दशः. "पाणी पडलं" असं तू लिहिलं आहेस. पाणी आभाळातून पडतं. बाकी ते कुणीतरी टाकावं लागतं.

मुख्याध्यापकसाहेब काय करताहेत? पोलिसांच्या कागदातल्या शुद्धलेखनाच्या चुका काढून कागद परत पाठवताहेत का?

छिंगशी

दोउलिऊ
२७ सप्टेंबर

छिंगशी,

चौकीत जाऊन आले. वकील नेला नाही. इथे एक आहे, त्याच्याकडे गेले होते. त्याने माझं ऐकून घेतलं आणि विचारलं, "बाई, समोरची पार्टी श्रीमंत आहे का?" मी उठले.

चौकीतला पोलीस म्हणजे कालचं पोर. मला म्हणाला, "आजी, बसा."

"मी तुझी आजी नाही," म्हटलं. "तुझ्या आजीने तुला शर्ट खोचायला शिकवलं असतं."

त्याने शर्ट खोचला. मग यंत्रावर कागद चढवत म्हणाला, "तर त्या दिवशी वेंगसाहेबांच्या दारात..."

"पाणी मी टाकलं," मी म्हटलं. "बादलीने. आमच्या दारातून पुढे जाऊन. लिही."

"मी अजून ते विचारलं नाही, आजी."

"मग आता विचार आणि लिही."

त्याने माझ्याकडे जरा बघितलं आणि लिहिलं. मग शब्द काय होते म्हणून विचारलं. रागात तोंडाला येतं ते, असं सांगितलं. त्याने तेही तसंच लिहिलं. जबाब मी वाचला, दोन अक्षरं चुकली होती ती सुधारली आणि सही केली. गप्प बसायला मी काय चोर आहे? समितीबद्दल त्याने विचारलं. वेंगसमोर बसून चहा प्यायची माझी इच्छा नाही, पण तू म्हणतोस म्हणून हो म्हटलं.

तुझ्या दोन्ही प्रश्नांची उत्तरं वर आली. यांच्याबद्दल तसं लिहीत जाऊ नकोस. ते चांगले आहेत. शाळेचा इतिहास लिहायला घेतला आहे, त्यात असतात.

पीयुन

हुआलियेन
३ ऑक्टोबर

ताई,

तुझं पत्र मी तीनदा वाचलं आणि तिन्ही वेळा तुझ्या अकलेची कीव आली. शिक्षेला पात्र माणसं जबाबात काहीतरी लपवतात, हे मी रोज बघत आलो. न विचारलेला गुन्हा ताटात वाढून देणारी तू पहिलीच.

आणि तोही तुझा नव्हे.

एप्रिलमध्ये तूच लिहिलं होतंस की उजवा खांदा धरला आहे, केस विंचरता येत नाहीत, शेजारच्या मुलीकडून अंबाडा घालून घ्यावा लागतो. ती तू भरलेली बादली उचललीस, रस्ता ओलांडलास आणि पिंपात नेम धरून ओतलीस? मी न्यायाधीश नाही, पण न्यायाधीशाच्या खालच्या खुर्चीत बसून मी जन्म काढला आहे. तिथून खोटं जास्त चांगलं दिसतं.

त्या घरात माणसं दोन. एकाने टाकलं नाही तर दुसऱ्याने टाकलं. म्हणजे मुख्याध्यापक शेन यांनी खाटकाच्या पिंपावर पाणी ओतलं आणि पोलीस आले तेव्हा बायकोला पुढे केलं. वा. माझ्या लग्नात माझ्या सासऱ्यांना ते म्हणाले होते, "मुलगा कोर्टात असतो, पण काळजी करू नका, आरोपी नाही." सगळा मांडव हसला होता. आता ते स्वतः आरोपी व्हायची वेळ आली तर इतिहास लिहीत बसले. कुठला इतिहास? शाळेच्या भिंतींना त्यांनी दिलेल्या उपदेशांचा?

दुसऱ्याचा गुन्हा आपल्या अंगावर घेणं हाही गुन्हा आहे, हे त्यांना माहीत नसेल. पुस्तकी माणसाला असल्या गोष्टी माहीत नसतात. त्यांना सांग, एकदा तरी स्वतःच्या पायांनी चौकीत जा. भित्रा माणूस नीटनेटक्या अक्षरात भित्रा असला तरी भित्राच.

आणि तू काय बोललीस ते अजून कळलं नाही.

छिंगशी

दोउलिऊ
११ ऑक्टोबर

छिंगशी,

तुझं पत्र मिळालं. यापुढे तुझा सल्ला नको. तुला माणसं कळतात असा तुझा समज आहे, कारण तुझ्यासमोर ती नेहमी हात बांधून उभी असायची.

पीयुन

हुआलियेन
९ नोव्हेंबर

ताई,

महिनाभर तुझं काही नाही म्हणून काल मी फोन केला. करू नकोस म्हणाली होतीस, तरी केला. खरं सांगायचं तर तुझ्याशी बोलायला केलाच नव्हता. मुख्याध्यापकसाहेबांना चार शब्द सुनवायचे होते. तू बाजारात जातेस ती वेळ बघून केला.

त्यांनी उचलला. आवाज तोच, सभेत बोलतात तसा. म्हणाले, "नमस्कार. प्रवेश बंद झाले आहेत."

मी म्हटलं, "मी छिंगशी बोलतोय."

"छिंगशी कोणत्या वर्गात आहे?"

मला वाटलं टोमणा मारताहेत. मी पण तयारीत होतो. म्हटलं, "भावोजी, नाटकं पुरेत. पाणी तुम्ही टाकलंत ना?"

ते फार काळजीने म्हणाले, "आग विझली का? मुलं सगळी बाहेर आली का? मोजली का कुणी?"

विझली म्हटलं. मुलं आली म्हटलं. मग त्यांनी माझा मुलगा हुशार आहे का असं विचारलं, अर्ज घेऊन उद्या या म्हणाले, आणि "बसा" म्हणाले. फोनवर, ताई. मी इथे उभा होतो, तो खरंच बसलो.

मला तो माणूस आवडत नाही. अजूनही नाही. पण मागच्या पत्रातलं ते शेवटून दुसरं पान जाळून टाक.

आता कायद्याचं. ज्याला काय करतोय तेच कळत नाही त्याला शिक्षा होत नाही. डॉक्टरचा दाखला लागेल. मेंदूच्या डॉक्टरचा, तुमच्या ओळखीच्या दाताच्या डॉक्टरचा नव्हे. तू खोटं सांगितलंस तो गुन्हा आहे, पण नवऱ्यासाठी केलेला असेल तर कायदा नरम आहे, शिक्षा कमी करतो किंवा माफही करतो. अट एकच. ते उघड होण्याआधी तू स्वतः जाऊन सांगायचं. सरकारी वकिलाचं बोलावणं आलं असेल. त्या तारखेची वाट बघू नकोस.

कधीपासून आहे हे?

छिंगशी

दोउलिऊ
१६ नोव्हेंबर

छिंगशी,

फोनचं त्यांनी मला सांगितलं. "एक पालक आले होते, गृहस्थ जरा उद्धट होते पण मुलावर माया आहे," असं म्हणाले. पान जाळलेलं नाही. मुद्दाम ठेवलं आहे.

दोन वर्षं झाली. आधी नावं गेली, मग महिने, आता बुटाच्या नाड्या. मी नर्स होते, मला पहिल्या आठवड्यातच कळलं. सगळ्यांना सांगते की इतिहास लिहिताहेत. टेबलावर कागद असतात. त्यावर ते हजेरी लिहितात.

त्या संध्याकाळी मी मागे भांडी घासत होते. धूर बघून ते उठले असणार. मी बाहेर आले तेव्हा ते लेंग्यावर, अनवाणी, कुंड्यांची बादली घेऊन वेंगच्या दारात उभे होते आणि पाणी ओतून झालं होतं. टेबलांमागे उभी असलेली अख्खी गल्ली त्यांच्याकडे बघत होती. ज्यांना यांनी अक्षरं शिकवली ती माणसं तोंड उघडं टाकून बघत होती. मग मी ओरडले. जितकं मोठ्याने येईल तितकं. सगळ्यांची तोंडं माझ्याकडे वळली. तेवढ्यात मी यांना आत ढकललं आणि बादली हातात घेऊन बाहेर येऊन उभी राहिले. रिकामी बादली माझ्या खांद्याला झेपते.

तू सांगतोस तो दाखला मी घेणार नाही. त्या खाटकासमोर, समितीतल्या सुपारीखाऊ म्हाताऱ्यांसमोर मी काय सांगू, की मुख्याध्यापक शेनना आता संडासची वाट दाखवावी लागते? मला शिक्षा होऊ दे. दंड होईल. गल्ली म्हणेल सिस्टर शेन कजाग आहे. ते ती आधीपासून म्हणते.

समितीची तारीख सव्वीस आहे. सरकारी वकिलाची डिसेंबरात.

पीयुन

हुआलियेन
२० नोव्हेंबर

ताई,

हे टपालात लगेच टाकतोय, सव्वीसच्या आत मिळायला हवं.

दाखला घे. लाज तुला वाटते, त्यांना नाही. त्यांना शाळा जळताना दिसली आणि ते एकटे बादली घेऊन धावले. मला हे कबूल करायला जड जातंय, पण गल्लीतल्या तोंड उघड्या टाकलेल्यांपेक्षा ते मला बरे वाटले.

समितीत गेलीस की तोंड उघडू नकोस. आधी त्याला बोलू दे. मी कोर्टात काय शिकलो म्हणशील तर एवढंच, की फिर्यादीला काय पाहिजे हे कुणी विचारतच नाही. सगळे आपल्या मनाने ठरवून मोकळे.

आणि तू ओरडलीस म्हणजे काय ओरडलीस? तिसऱ्यांदा विचारतोय. पाणी कुणी टाकलं ते तू इतक्या फुरसतीने लिहिलंस, आणि एका वाक्यासाठी तुझी शाई संपते. खुलासा मोठा आणि वाक्य गायब असलं की आम्ही तिथे लाल खूण करायचो.

छिंगशी

दोउलिऊ
२१ डिसेंबर

छिंगशी,

प्रकरण मिटलं. वेंगने तक्रार मागे घेतली. दाखला घेतला होता. तो आणि माझा खरा जबाब घेऊन मी सरकारी वकिलाच्या कचेरीत गेले. तिथे एक बाई होत्या, तरुण, पण शर्ट खोचलेला. त्यांनी दोन्ही कागद वाचले, माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "पुढच्या वेळी नवऱ्याचं म्हणणं डॉक्टरांना मांडू द्या." खोट्या जबाबाचं पुढे काही काढणार नाही असं त्यांच्या बोलण्यावरून दिसलं. लेखी अजून यायचं आहे. तू म्हणशील लेखी आल्याशिवाय काही खरं नाही. ठीक आहे.

आता समितीचं सांगते, म्हणजे तू तीनदा विचारलंस त्याचंही उत्तर येईल.

वेंग शर्ट घालून आला होता. गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला शर्ट, इस्त्रीच्या घड्या मोडलेल्या नव्हत्या. मुलगी बरोबर होती. समितीवरचा गृहस्थ शेतकरी संघाचा निवृत्त कुणीतरी. त्याने चहा ओतला आणि नेहमीचं सुरू केलं, शेजारी शेजारी, सलोखा, भरपाई किती. मी तुझं ऐकून गप्प बसले. बरणीचं झाकण घट्ट धरून बसावं तशी.

वेंग म्हणाला, "भरपाई नको. हाताचंही काही नाही, दाखला पोलिसाने आणायला लावला. पोलिसाने हाताला काय झालं विचारलं, मी पाणी पडलं म्हटलं. कुणी टाकलं विचारलं, तेव्हा मी म्हटलं त्या घरातून आलं. पाण्यासाठी नाव मी कुणाचंच घेतलं नाही. ते सिस्टरनी आपण होऊन घेतलं."

"पाणी मीच..." मी म्हटलं. दाखला पिशवीत होता, तरी तोंडातून तेच निघालं.

"सिस्टर," तो म्हणाला, "तुम्ही खोटंसुद्धा वरच्या पायरीवरून बोलता. सर माझ्यासमोर उभे होते. मला म्हणाले, शाळेला आग लागली आहे आणि तुम्ही नुसते बघत बसलात? असल्या माणसावर मी तक्रार करू?"

मी म्हटलं, त्यांची तब्येत जरा बरी नसते. हे कुणाला माहीत नाही, इथेच राहू द्या.

तो हसला. चांगलं हसला नाही. "कुणाला माहीत नाही? तुम्ही मागे कपडे धूत असता तेव्हा सर कुठे जातात म्हणता? बागेत? माझ्या मुलीच्या गाळ्यावर जातात. टांगलेल्या डुकरांसमोर उभं राहून हजेरी घेतात. एकेक नाव वाचतात. ही प्रत्येक नावाला 'हजर' म्हणते आणि मग हात धरून यांना तुमच्या दारापर्यंत आणून सोडते. सगळा बाजार बघतो. सगळी गल्ली बघते. फक्त तुमच्या समोर कुणी बोलत नाही, कारण तुमच्याशी बोलायची कुणाला हौस नाही."

मुलगी खाली बघत होती. तीच माझा अंबाडा घालून द्यायची. गाळा उघडायच्या आधी येऊन. मी तिला कधी बस म्हटल्याचं मला आठवत नाही.

समितीवाल्याने विचारलं, मग वेंगसाहेब, तुमची तक्रार नेमकी कशाची?

तेव्हा वेंगने माझं वाक्य म्हणून दाखवलं. एक अक्षर इकडेतिकडे नाही. माझा सूरसुद्धा. तुला एक गोष्ट लिहिली नव्हती. त्याची बायको मार्चमध्ये गेली. ती कागदी पेटी, कपडे, चपला तिच्या होत्या. मला ते माहीत होतं. पेटीवर नाव होतं. आणि मी बादली हातात धरून, गल्लीभर ऐकू जाईल असं, म्हटलं होतं, "खाटकाच्या बायकोला कपडे कशाला? ती गेली आहे तिथे डुकरं तिची वाट बघत उभी असतील, तीही नागडीच."

मला वाटत होतं मी यांना झाकायला ओरडले. झाकायला काहीही ओरडता आलं असतं, छिंगशी. आग, चोर, साप. ते वाक्य मी त्या क्षणी तयार केलं नव्हतं. ते तयारच होतं.

"मी तीन महिने वाट बघतोय," वेंग म्हणाला. "तुम्ही पाण्याबद्दल चौकीत सांगितलंत. माझ्या बायकोबद्दल बोललात त्याचं कुणाला अवाक्षर नाही. बोललात तिथे या आणि परत घ्या. मग मी सही करतो."

समितीवाल्याला हे बरं वाटलं नाही. इथेच घ्या ना, चहा घ्या, म्हणाला. वेंग उठून उभा राहिला.

खरं सांगते, घरी येईपर्यंत मी त्याला मनातल्या मनात शिव्या घातल्या. तो अजूनही मला गावंढळच वाटतो. शर्टाच्या सगळ्या गुंड्या लावून आला तरी. त्याचं म्हणणं बरोबर होतं याचा राग जास्त आला. चुकीचं असतं तर मी दंड भरून ताठ राहिले असते.

दुसऱ्या दिवशी दुपारी गेले. यांना आत निजवलं होतं. वेंगच्या दारात एक बांबूची खुर्ची मांडली होती आणि खुर्चीत तिचा फोटो, समोर उदबत्ती. शिवणाच्या दुकानातल्या बायका बाहेर आल्या. नूडलवाल्याने गाडी थांबवली. कुणी बोलावलं नव्हतं, पण आले. मी वेंगकडे बघून सुरुवात केली, तर तो म्हणाला, "मला नको. तिला सांगा."

मी फोटोकडे वळले. चेहरा गोल होता, सुपारीने दात रंगलेले, हसत होती. इतकी वर्षं समोर राहिली आणि मी तिच्याकडे नीट बघत होते ते तेव्हा पहिल्यांदा. म्हटलं, "वेंगबाई, मी बोलले ते घाण होतं. तुम्ही माझं कधी काही वाईट केलं नव्हतं. मी ते परत घेते."

वेंग भिंतीला टेकून उभा होता. त्याने मान हलवली.

"मोठ्याने बोला, सिस्टर," तो म्हणाला. "शेवटी शेवटी तिला कमी ऐकू यायचं."

मी मोठ्याने बोलले.

पीयुन